एकशे चाळीस सेटिंग्ज आणि सोसायटीचे खजिनदार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघांनी ऐरोलीत बसून हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्स बिले काढणारे सॉफ्टवेअर लिहिले. ठाणे, कळवा, ऐरोली या पट्ट्यातल्या काही सोसायट्या ते वापरतात. सेटिंग्जच्या पानावर १४० पर्याय आहेत आणि सगळ्यांचे मराठी भाषांतर झाले आहे, तरी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुमचा फोन थांबत नाही. यातले किती पर्याय ठेवावेत, मराठी करूनही लोक का अडतात, आणि 'साधे' व 'ॲडव्हान्स्ड' असे दोन भाग करावेत का, असे तुम्ही विचारले आहे.

सॉफ्टवेअर लोकांना सहज वापरता यावे, हे काम मी बावीस वर्षे करते आहे. पहिली नऊ वर्षे महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत सपोर्टच्या फोनवर गेली, त्यानंतरची स्क्रीन आखण्यात. योगायोगाने सुरुवात सोसायट्यांच्याच हिशेबापासून झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी २०११ सालचा एक प्रसंग सांगते, कारण मी जे काही शिकले त्याचे मूळ तिथे आहे. घोडबंदर रोडवरची चार विंगची सोसायटी होती. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, हिशेबाला अतिशय काटेकोर. आमच्या प्रोग्रॅममध्ये थकबाकीच्या व्याजासाठी एक चौकोन होता आणि त्यात चार पर्याय: सिंपल, कंपाउंड, डेली प्रॉडक्ट, नन. त्याच्या आदल्याच वर्षी, १ एप्रिल २०१० पासून, बँकांनी बचत खात्याचे व्याज रोजच्या शिलकीवर काढायला सुरुवात केली होती. त्यामुळे काकांच्या मनात 'डेली प्रॉडक्ट' म्हणजे व्याज काढायची सर्वांत न्याय्य पद्धत. त्यांनी तो पर्याय निवडला. आमच्या प्रोग्रॅमरने मात्र त्या नावाखाली वेगळेच काही लिहून ठेवले होते: शेवटची तारीख न बघता बिलाच्या तारखेपासून पैसे जमा होईपर्यंत प्रत्येक दिवसाचे व्याज. पुढच्या बिलांत, ज्यांनी मुदतीत पैसे भरले होते त्यांच्या नावावरही तेरा, सतरा, बावीस रुपये व्याज लागले.

रक्कम लहान होती. पण जो माणूस दर महिन्याला दहा तारखेच्या आत चेक टाकतो, त्याच्या बिलावर 'थकबाकीवरील व्याज' अशी ओळ छापून आली की त्याला ती रक्कम दिसत नाही, आपल्याला थकबाकीदार ठरवले एवढेच दिसते. कुणीतरी बिलाची प्रत नोटीस बोर्डावर लावली. विशेष सभेची मागणी झाली. काकांनी राजीनामा दिला. मी आकडे दुरुस्त करायला गेले तेव्हा ते मला म्हणाले, "चौतीस वर्षं व्याज काढलंय मी, मॅडम. पण तुमचा हा चौकोन मला काय विचारतोय तेच कळलं नाही."

तेव्हापासून मी 'नॉन-टेक्निकल युजर' हा शब्द वापरणे सोडले. व्याज या विषयात ते काका आमच्या अख्ख्या टीमपेक्षा जाणकार होते. अडाणी होती ती आमची स्क्रीन. सेटिंग म्हणजे माणसाला विचारलेला प्रश्न असतो, आणि आम्ही तो प्रश्न आमच्या कोडच्या भाषेत विचारला होता. तुमच्या १४० पर्यायांकडे याच नजरेने बघा. तुम्ही एका माणसाला, बहुधा रात्री साडेनऊला जेवण झाल्यावर, सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, १४० प्रश्न विचारता आहात.

त्यातले किती प्रश्न त्याला विचारण्याजोगे आहेत? तुम्ही जोडलेल्या यादीत 'एसएमटीपी पोर्ट' आहे, म्हणजे ईमेल पाठवताना सर्व्हरशी जोडणी करण्याचा क्रमांक. खजिनदारांना फक्त आपला ईमेल पत्ता माहीत असतो. पत्ता जीमेलचा असेल तर सर्व्हर कोणता, पोर्ट ५८७ की ४६५, हे तुमच्या प्रोग्रॅमला ठाऊक असले पाहिजे. थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅमने २००९ साली तिसऱ्या आवृत्तीत हेच केले. नाव, पत्ता आणि पासवर्ड विचारायचा, उरलेले आपण शोधायचे, सापडलेच नाही तर मग माणसाला विचारायचे. तुमच्या यादीतले 'डेटाबेस टाइमआउट', 'पीडीएफ इंजिन', 'टेम्प्लेट आयडी' हे सगळे याच जातीचे. ज्या प्रश्नाचे उत्तर मशीन काढू शकते तो माणसापुढे नेऊ नका.

काही प्रश्नांची उत्तरे नियमांनी आधीच दिलेली असतात. थकबाकीवर किती व्याज लावता येते? २०१४ च्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के आणि तेही सरळव्याज. मग तुमच्या चौकोनात 'कंपाउंड' हा पर्याय का आहे? पन्नास हजारांच्या थकबाकीवर तीन वर्षांचे २१ टक्क्यांनी सरळव्याज ३१,५०० रुपये होते आणि वर्षाकाठी चक्रवाढ केले तर ३८,५७८. एका चुकीच्या क्लिकने एखाद्या कुटुंबावर सात हजारांचा बेकायदा बोजा पडतो आणि प्रकरण सहकार खात्याच्या उपनिबंधकांपर्यंत जाते. हा पर्याय काढून टाका. टक्क्यांच्या रकान्यात २१ च्या वरचा आकडा स्वीकारूच नका आणि का स्वीकारत नाही ते तिथेच एका वाक्यात लिहा. फ्लॅट भाड्याने दिल्यावर लागणारे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही तसेच. महापालिकेचे कर वगळून उरलेल्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर ते जाऊ शकत नाहीत. तिथे टक्क्यांचा मोकळा रकाना ठेवून तुम्ही खजिनदारांना चुकण्याची सोय करून देता आहात.

पर्याय काढायला धैर्य लागते, हे मला मान्य आहे. वापरणाऱ्यांतले काहीजण रागावतात. फायरफॉक्सने २०१३ साली तेविसाव्या आवृत्तीत 'जावास्क्रिप्ट चालू ठेवा' हा चौकोन नेहमीच्या सेटिंग्जमधून काढून टाकला, कारण तो चुकून बंद झाला की निम्म्या वेबसाइट मोडून पडायच्या आणि माणसाला वाटायचे की ब्राउझरच बिघडला. ज्याला खरोखर गरज आहे त्याला ते अजूनही आतल्या पानावर सापडते. त्याआधी २००२ मध्ये लिनक्सवरच्या जीनोम डेस्कटॉपच्या दुसऱ्या आवृत्तीत पर्यायांची मोठी छाटणी झाली होती आणि त्यावरून बराच वादही झाला. जीनोमचे एक प्रोग्रॅमर हॅवोक पेनिंग्टन यांनी त्या सुमारास मांडलेला मुद्दा मला आजही पटतो: प्रत्येक पर्यायाची किंमत कुणीतरी मोजतच असतो. तुमच्यापुरता हिशेब करा. चालू-बंद होणारे फक्त दहा चौकोन असले तरी १,०२४ वेगवेगळे प्रोग्रॅम तयार होतात. त्यांपैकी किती तुम्ही तपासले आहेत?

तुमचे १४० कसे झाले असतील याचा मला अंदाज आहे. कळव्याच्या एका सोसायटीने काही मागितले, नाही म्हणवेना, एक चौकोन वाढवला. पुढच्या महिन्यात दुसरीने उलट मागितले. निर्णय घेणे अवघड होते तिथे आपण तो चौकोनात टाकला आणि खजिनदारांच्या गळ्यात घातला. मीही हे अनेकदा केले आहे.

सुरुवातीला विचारलेला एक चांगला प्रश्न पुढचे वीस प्रश्न वाचवतो. तुमच्या बाबतीत तो असा: 'तुमची सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे की अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन?' नवी मुंबईत सिडकोने बांधलेल्या अनेक इमारतींत असोसिएशन आहेत. त्यांना १९७० चा अपार्टमेंट मालकीचा कायदा लागू होतो आणि सामाईक खर्च प्रत्येकाच्या सामाईक जागेतल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्क्यांनी वाटला जातो. ठाण्यातल्या सोसायटीत मात्र सेवाशुल्क सगळ्यांना समान, लिफ्टचा खर्च समान, पाणीपट्टी नळांची संख्या आणि आकार यावर, सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, दुरुस्ती निधी पाऊण टक्का. हे सगळे तुम्ही आज 'अपोर्शनमेंट मेथड १ ते ६' अशा एका यादीत कोंबले आहे. पहिल्याच दिवशी तो एक प्रश्न विचारा, उत्तरानुसार सगळे भरून ठेवा आणि भरलेले वाचून दाखवा: 'लिफ्टचा खर्च सर्व फ्लॅटना समान. पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार. बरोबर आहे का?' जिथे त्यांच्या सभेने वेगळे ठरवले असेल तिथे ते बदलतील.

भरून ठेवलेले उत्तरच बहुतेक ठिकाणी कायम राहते, हे विसरू नका. अमेरिकेतले वापरसुलभतेचे जाणकार जॅरेड स्पूल यांनी लोकांकडून मायक्रोसॉफ्ट वर्डच्या सेटिंग्जच्या फाइली मागवून पाहिल्या, तेव्हा पाच टक्क्यांहून कमी लोकांनी काही बदललेले निघाले. बाकीच्यांनी, बनवणाऱ्याने विचार करूनच ठेवले असेल, असे धरले होते. तुमचे खजिनदारही हेच धरतात.

जीएसटीचा पर्याय मात्र काढू नका. महिन्याला ७,५०० रुपयांच्या वर वर्गणी गेली की कर पूर्ण रकमेवर लावायचा की फक्त वरच्या रकमेवर, यावर २०१९ चे सरकारी परिपत्रक एक सांगते आणि २०२१ चा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल दुसरे. इथे तुम्ही निर्णय घेऊ नये आणि खजिनदारांनीही एकट्याने घेऊ नये. स्क्रीनवर सरळ लिहा: 'हे तुमच्या सीएंना विचारून ठरवा', आणि दोन्ही बाजूंचा आकडा समोर ठेवा, म्हणजे ते फोनवर सीएंना वाचून दाखवू शकतील.

आता भाषांतराकडे वळते. तुमच्या प्रश्नातल्या या भागाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले. तुम्ही पाठवलेल्या चित्रांत सिंकिंग फंडाला 'बुडता निधी' म्हटले आहे. सोसायटीच्या हिशेबात 'बुडीत' हा शब्द वसूल न होणाऱ्या रकमेसाठी वापरतात. सभासदांनी वर्षानुवर्षे साठवलेल्या पैशावर तुम्ही बुडाल्याची पाटी लावली. ठाण्यात कुठल्याही सोसायटीत जाऊन विचारा, सगळे 'सिंकिंग फंड' म्हणतात, देवनागरीत तेच लिहा. लोकांच्या तोंडात जो शब्द आहे तो मराठीच आहे, मग तो कुठूनही आलेला असो. 'ड्यू डेट'चे तुम्ही 'देय दिनांक' केले आहे, बिलावर आणि बोलण्यात 'शेवटची तारीख' असते. 'डीफॉल्ट'चे, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या उत्तराचे, 'मूलभूत' झाले आहे, त्याने वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही. तिथे 'आम्ही सुचवतो' असे लिहून बघा.

'सक्षम करा' आणि 'अक्षम करा' ही जोडी आजच्या आज काढा. दोन्हींत फरक पहिल्या अक्षराचा. चष्मा लावूनही बारीक टायपात तो चटकन दिसत नाही, आणि 'अक्षम' हा शब्द मराठीत माणसाच्या कुवतीबद्दल वापरतात, यंत्राच्या बटणाबद्दल नाही. घरातला दिवा आपण चालू करतो आणि बंद करतो. तेच शब्द पुरेसे आहेत.

याहून घातक गोष्ट म्हणजे नकार. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार त्याच्याही शेवटी. तुमचा एक पर्याय आहे, 'आगाऊ रक्कम भरलेल्या सभासदांना व्याज आकारू नये'. मोबाइलवर जागा संपली की तुमचा प्रोग्रॅम वाक्य कापून तीन टिंबे देतो. उरते काय? 'आगाऊ रक्कम भरलेल्या सभासदांना व्याज आ…'. अर्थ नेमका उलटा झाला. इंग्रजी मूळ वाक्यात नकार सुरुवातीलाच येत असल्यामुळे तिथे हा धोका तुमच्या लक्षात आला नसणार. मराठी वाक्य कधीही कापू नका, दोन ओळी होऊ द्या. आणि मुळात नकारार्थी चौकोन ठेवूच नका. 'आकारू नये' या चौकोनातली खूण काढली तर काय होते, याचा विचार करताना मी स्वतः थांबते. त्याऐवजी दोन पूर्ण, सरळ वाक्ये एकाखाली एक द्या आणि त्यातले एक निवडू द्या.

ओळीची उंचीही तपासा. रोमन अक्षरांसाठी ठरवलेल्या उंचीत आपले उकार खाली आणि रफार-अनुस्वार वर कापले जातात. तुमच्या एका चित्रात 'खर्च'चा रफार गेला आहे आणि 'खच' उरले आहे, 'फंड'चा 'फड' झाला आहे. ही सजावटीची बाब नाही, शब्दच बदलतो आहे.

सेटिंग्जमध्ये शोधण्याची सोय असेल तर 'व्याज', 'vyaj' हे रोमनमध्ये टाइप केलेले, 'इंटरेस्ट', आणि 'व्याज'चे जोडाक्षर चुकलेले रूप, या सगळ्यांनी एकाच जागी पोहोचता आले पाहिजे. याला दोन दिवसांचे काम पुरते.

शब्द कितीही नीट केले तरी एक अडचण उरते, आणि माझ्या मते सगळे काम तिथेच आहे. आपण जे निवडतो आहोत त्याने काय होणार हे माणसाला निवडण्याआधी दिसत नाही. तो निवडतो, सेव्ह करतो, महिना जातो, दीडशे बिले निघतात आणि मग चूक सभासदांच्या तोंडून कळते. म्हणून परिणाम तिथल्या तिथे रुपयांत दाखवा. कुठलेही काल्पनिक उदाहरण नको, त्यांच्याच सोसायटीतला एक खरा फ्लॅट घ्या. समजा बी-३०४ चे ३,२०० रुपये शेवटच्या तारखेनंतर ४० दिवसांनी आले. 'उशीर झालेल्या दिवसांचे व्याज' निवडले तर २१ टक्क्यांनी ७४ रुपये. 'सुरू झालेल्या प्रत्येक महिन्याचे पूर्ण व्याज' निवडले तर दोन महिने धरून ११२ रुपये. पर्याय बदलला की तो आकडा डोळ्यांदेखत बदलला पाहिजे, आणि त्याखाली लिहा: 'या बदलामुळे पुढच्या महिन्यात २३ फ्लॅटच्या बिलात फरक पडेल', त्यावर बोट ठेवले की ते २३ फ्लॅट उघडावेत. २०११ मध्ये आमच्या स्क्रीनवर एवढी एकच ओळ असती, तर 'वेळेवर भरलेल्या ६१ फ्लॅटना व्याज लागेल' हे वाचून काका जागच्या जागी थांबले असते.

'तुम्हाला खात्री आहे का?' असे विचारणारी खिडकी याची जागा घेऊ शकत नाही. लोक ती न वाचता 'होय' दाबतात, कारण दिवसात दहा वेळा तीच खिडकी येते आणि तिच्यात नवीन काही नसते. त्याऐवजी मागे फिरता आले पाहिजे. बिले काढल्यावर ती लगेच सभासदांकडे जाऊ देऊ नका, आधी खजिनदारांना तपासायला द्या. त्या टप्प्याला 'कच्ची बिले' म्हणावे असे तुमच्या मनात येईल, पण बाजारात कच्चे बिल म्हणजे कर चुकवून केलेला व्यवहार. 'तपासणी प्रत' म्हणा.

सोसायटीच्या कामाचा आणखी एक विशेष आहे, जो तुमच्या पानावर कुठेच दिसत नाही. खजिनदार स्वतःच्या मर्जीने काही बदलत नाहीत. दर सभेत ठरतो, ठराव होतो, इतिवृत्तात लिहिला जातो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या सेटिंगजवळ दोन रकाने द्या: 'कोणत्या महिन्यापासून लागू' आणि 'कोणत्या सभेत ठरले'. पहिल्यामुळे जुनी बिले जुन्याच दराने राहतात. सप्टेंबरच्या सभेत दर वाढला आणि खजिनदारांनी तो बदलला, की मागच्या वर्षाचा थकबाकीचा उतारा नवीन दराने मोजला जातो, असा दोष मी किमान चार सॉफ्टवेअरमध्ये पाहिला आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असल्यामुळे असे बदल ऑक्टोबरच्या सुमारास एकदम येतात, तुमच्या फोनच्या नोंदी त्या महिन्यापुरत्या तपासून बघा. दुसऱ्या रकान्यामुळे कमिटी बदलली तरी नव्या खजिनदारांना कळते की हा आकडा कुठून आला. आज ते तुम्हाला फोन करून विचारतात, "हे साडेतीन रुपये कोणी लावले?" आणि तुम्हालाही ते माहीत नसते.

तिसरा प्रश्न, 'साधे' आणि 'ॲडव्हान्स्ड'. माझे मत स्पष्टपणे विरोधात आहे. आपण ॲडव्हान्स्ड आहोत की नाही हे कुणालाच माहीत नसते. नम्र माणूस तिकडे फिरकत नाही आणि त्याला हवी ती गोष्ट नेमकी तिथेच असते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा नमुना बघा, तो तुमच्या बहुतेक खजिनदारांच्या हाताखालून गेलेला आहे. एफ-११ दाबले की कंपनीपुरते ठरवायचे, एफ-१२ दाबले की आत्ता उघडलेल्या स्क्रीनपुरते. त्यांना सेटिंग्ज शोधत फिरावे लागत नाही, काम जिथे चालू आहे तिथेच ती मिळतात. तुम्हीही व्याजाची सेटिंग थकबाकीच्या पानावर ठेवा, बिलाच्या छपाईची बिलाच्या पानावर. घोडबंदर रोडवर उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, तो खर्च कसा वाटायचा हा प्रश्न टँकरचे बिल नोंदवताना पडतो, म्हणून तो तिथेच विचारा. आजच्यासारखा 'ॲड-हॉक हेड कॉन्फिगरेशन' या नावाखाली तीन पाने आत पुरून ठेवू नका. खरोखर फक्त तुमच्याच कामाच्या ज्या गोष्टी आहेत त्या पूर्ण नजरेआड करा. अँड्रॉइडने २०१२ मध्ये ४.२ या आवृत्तीपासून डेव्हलपरचे पर्याय लपवले, बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारल्याशिवाय ते दिसत नाहीत. चुकून कुणी सात वेळा टिचकी मारत नाही.

असे केल्यावर तुमचे स्वतंत्र सेटिंग्जचे पान आपोआप रिकामे होत जाईल. यादी पाहून मला वाटते की एकूण चाळीस-पन्नास गोष्टी उरतील आणि त्यातल्या दहा-बाराच वर्षातून एकदा तरी बदलाव्या लागतील. जे पान उरेल त्यावर, आम्ही सुचवलेल्यापेक्षा तुम्ही काय काय बदलले आहे, तेवढे सर्वांत वर दाखवा. फोनवर मदत करतानाही तुम्हाला तेच आधी बघायचे असते.

हे सगळे करण्याआधी पाच सोसायट्यांत जाऊन बसा. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० साली लिहिले होते की पाच माणसांबरोबर केलेल्या चाचणीत बहुतेक मोठ्या अडचणी वर येतात, आणि माझा अनुभवही तसाच आहे. त्यांना 'आवडले का' विचारू नका, चहा देणारा माणूस नाही म्हणत नाही. काम सांगा: 'सी-विंगमधला एक फ्लॅट भाड्याने गेला आहे, पुढच्या बिलात ते दिसू द्या.' मग गप्प बसा. हात माउसकडे जाईल, जाऊ देऊ नका. ते पहिल्यांदा कुठे जातात, कोणता शब्द मोठ्याने वाचतात आणि कुठे चष्मा काढून पुसतात, तेवढे लिहून घ्या. कॉम्प्युटरवर बनवायच्या आधी कागदावरच्या चित्रांनीही हे करता येते, आणि कागदावर लोक जास्त मोकळेपणाने खोडतात.

मी त्या काकांकडे पुन्हा गेले होते, राजीनाम्यानंतर चारेक महिन्यांनी. व्याजाची नवी स्क्रीन कागदावर काढून नेली होती, दोन सरळ वाक्ये आणि खाली त्यांच्याच विंगमधल्या एका फ्लॅटचा हिशेब. जावे की नाही याचा मी बराच विचार केला होता. त्यांनी दार उघडले, कागद जेवणाच्या टेबलावर पसरला, पेन्सिल मागवली. 'विलंबित कालावधी' खोडून 'उशिराचे दिवस' लिहिले. हिशेब स्वतः मांडून पाहिला, बरोबर आला. मग बराच वेळ शेवटच्या तारखेच्या रकान्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ही तारीख रविवारी आली तर? बँक बंद. चेक सोमवारी जमा होणार. त्या एका दिवसाचं व्याज लावणार का तुम्ही?"

आमच्या चार जणांच्या टीममध्ये हे कुणाच्याही मनात आले नव्हते. त्या आठवड्यात आम्ही नऊ पर्याय काढले आणि हा एक घातला.